जेनी लिंडबाईंचा गळा

गाणाऱ्याच्या गळ्यांत जणूं दोन आवाज वसत असतात. खालचे स्वर लावतांना स्वरतंतू आंखूड व जाड राहून सगळ्या जाडीनिशीं कंप पावतात. त्यास छातीचा आवाज म्हणतात. वरच्या स्वरांस तेच तंतू ताणून पातळ होतात व विशेषेंकरून त्यांच्या कडाच हालतात. त्यास मस्तकाचा आवाज म्हणतात. एकांतून दुसऱ्यांत जातांना अशिक्षित गळा फाटतो. तो सांधा ऐकणाऱ्यास कळूं न देणें ही पाश्चात्य गायनांतील मोठी विद्या होय. ती एका नामांकित गायिकेस कोणत्या कष्टांनीं साधली, तें आम्ही येथें सांगणार आहों.

जेनी लिंडबाईंचा जन्म १८२० सालीं स्वीडनच्या राजधानींत, स्टॉकहोम येथें झाला. वयाला दहा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच त्यांस तेथील राजकीय नाट्यगृहाच्या शाळेंत घेण्यांत आलें. १८३८ सालीं वेबरच्या संगीत नाटकांत त्यांनीं प्रमुख भूमिका केली, आणि सारें शहर त्यांच्या नांवानें गाजूं लागलें. परंतु कोंवळ्या गळ्यावर नाटकांमागून नाटकांचा भार पडला. तीनच वर्षांत आवाज थकला व घोगरा झाला.

मायदेशीं मानमरातब असतांही १८४१ सालीं त्या पॅरिस येथें मॅन्युएल गार्सिया ह्या गुरूंकडे गेल्या. गुरूंनीं प्रथम कांहीं आठवडे गाणें सर्वस्वीं बंद ठेवण्यास सांगितलें. त्यानंतर ह्या नामांकित गायिकेस अगदीं आरंभापासून धडे घ्यावे लागले. स्वरांची चढउतार सावकाश व जपून करावयाची, असा त्यांचा नित्यक्रम झाला. सांध्यावरचा एकच स्वर एकदां छातीच्या व एकदां मस्तकाच्या आवाजानें आळीपाळीनें लावून दोहोंतील भेद हळूहळू बुजविणें, ही गार्सियांची पद्धति होती.

सुमारें दहा महिन्यांनीं, १८४२ सालीं, लिंडबाई स्टॉकहोमला परतल्या व 'नॉर्मा' ह्या नाटकांत पुन्हां उभ्या राहिल्या. मधल्या कांहीं स्वरांवरील धूसरपणा पुरता गेला नव्हता. तथापि वरचे स्वर निर्मळ झाले होते, आणि गळा त्यांच्या आज्ञेंत वागूं लागला होता. १८४७ सालीं त्यांनीं लंडन जिंकलें. १८५० ते १८५२ ह्या काळांत अमेरिकेंत मिळविलेल्या द्रव्याचा मोठा वांटा त्यांनीं धर्मादायास, विशेषतः स्वीडनमधील शाळांस दिला. १८८३ सालीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्यें त्या गायनाच्या अध्यापिका झाल्या. १८८७ सालीं त्यांचें देहावसान झालें.

ज्या वयांत मुलांचा आवाज फुटतो, त्याच वयांत आमचे बरेच विद्यार्थी आहेत. त्यांनीं व त्यांच्या मातापितरांनीं हें चरित्र ध्यानांत ठेवावें. फुटणाऱ्या आवाजास हंसूं नये, आणि जोर करून तो वरही ओढूं नये. लिंडबाईंचा गळा अतिश्रमानें बिघडला, आणि विसांवा व मंद अभ्यास ह्यांनीं सुधारला.