७२ गावांच्या राजाने राज्यही लोकांना दिलं आणि चित्रंही

औंध म्हटलं की आपल्याला पुण्यातलं औंध आठवतं. पण आणखी एक औंध सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात आहे. यमाईचं औंध. डोंगरावर देवीचं मंदिर आणि त्याच डोंगराच्या उतारावर एक संग्रहालय. आत गेलात की समोर राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं दिसतात. छापील प्रती नव्हेत, अस्सल तैलचित्रं.

आता प्रश्न पडतो, दुष्काळी पट्ट्यातल्या या छोट्या गावात ही चित्रं आली कशी?

उत्तर आहे एका माणसात. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, औंध संस्थानचे राजे.

त्यांचा जन्म १८६८ चा. डेक्कन कॉलेजातून पदवी घेतली आणि १९०९ मध्ये ते गादीवर बसले. संस्थान केवढं? अवघ्या ७२ गावांचं, तेही सलग नाही, तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं. बडोदा किंवा ग्वाल्हेरसारखा खजिना इथे नव्हताच.

पण बाळासाहेबांना नाद होता चित्रांचा. ते नुसते हौशी संग्राहक नव्हते, स्वतः हातात ब्रश घेऊन बसणारे चित्रकार होते. रामायणातले प्रसंग रंगवून त्यांनी चित्ररामायण काढलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि त्या ग्रंथासाठी स्वतः चित्रंही काढली. शिवाय ते कीर्तन करायचे. सूर्यनमस्काराचे तर एवढे कट्टर की संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे केले.

माणसं हेरण्यातही त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. बेळगावातून बस्तान हलवावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर जागा दिली. त्याच माळावर पुढे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पंडित सातवळेकरांनाही औंधातच आसरा मिळाला. वेदांचे पंडित म्हणून ओळखले जाणारे सातवळेकर मुळात चित्रकार होते.

आता येऊया १९३८ सालावर. या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या.

पहिली, संग्रहालय उभं राहिलं. आयुष्यभर जमवलेली चित्रं राजवाड्याच्या दिवाणखान्यात पाहुण्यांना दाखवत बसायची सोय होतीच. त्याऐवजी त्यांनी यमाईच्या डोंगरावर, नैसर्गिक उजेडाचा विचार करून स्वतंत्र इमारत बांधली. देवीला जाणारी माणसं ज्या वाटेने जातात, त्याच वाटेवर.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. राजाने सत्ता प्रजेकडे सोपवायचं ठरवलं. पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन यात पुढे होते. घटनेच्या आखणीत गांधीजींनी लक्ष घातलं आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. कारभार गावपंचायतींच्या हाती गेला. देशाला स्वातंत्र्य मिळायला अजून आठ वर्षं होती. याच काळात संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ'मागची प्रेरणा हीच.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. १९५१ मध्ये बाळासाहेब गेले. विलीनीकरणानंतर कित्येक राजघराण्यांचे संग्रह वाटण्यांत आणि लिलावांत विखुरले. औंधचा मात्र जागेवर राहिला, कारण राजाने तो आधीच घराबाहेर काढून लोकांच्या वाटेवर ठेवला होता. आज हे श्री भवानी संग्रहालय राज्य सरकारच्या ताब्यात आहे.

गेलात तर घाई करू नका. रविवर्म्यांच्या 'सैरंध्री'समोर जरा थांबा. राणीचं दासीपण आणि तिची भीती कळायला वेळ लागतो. धुरंधरांची चित्रं बघा, पहाडी शैलीतली लघुचित्रं जवळ जाऊन बघा. हेन्री मूर या जगप्रसिद्ध ब्रिटिश शिल्पकाराचं माता आणि मूल हे शिल्पही इथेच आहे.

आणि बाहेर पडल्यावर समोरच्या माळाकडे एकदा नजर टाका. एवढ्याशा मुलखाच्या राजाने हे सगळं आपल्यासाठी ठेवलंय, हे तेव्हा खऱ्या अर्थाने लक्षात येतं.