लोकमान्यांचा मधुमेह आणि मूत्रपिंडांची साक्ष

बाळ गंगाधर टिळक पहिल्यांदा तुरुंगात गेले ते कोल्हापूरच्या प्रकरणात. छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना कारभाऱ्यांकडून मिळणाऱ्या वागणुकीवर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी कडक लिहिले. कारभारी रावबहादूर बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि जुलै 1882 मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. सूट मिळून ते 101 दिवसांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगातून सुटले. टिळकांना 26 वर्षे पूर्ण झाली तीही त्या तुरुंगातच.

त्यानंतर बरोबर 26 वर्षांनी, 22 जुलै 1908 रोजी, राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांचा 52 वा वाढदिवस होता. डोंगरीला गेलेला तरुण आणि मंडालेला निघालेला हा माणूस यांच्या शरीरात आता मोठा फरक पडला होता. टिळकांना मधुमेह झालेला होता. पुढची सहा वर्षे त्यांनी सरकारच्या कैदेबरोबर या आजाराचीही कैद कशी काढली, हे समजून घ्यायचे तर आधी मूत्रपिंडांचे काम समजून घ्यावे लागते. कारण त्या काळी मधुमेहाची खबर माणसाला मूत्रपिंडेच देत असत.

कसलेले शरीर, बैठे आयुष्य

टिळकांचा जन्म 23 जुलै 1856 रोजी रत्नागिरीचा. लहानपणी प्रकृती किरकोळच होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेल्यावर त्यांनी पहिले वर्ष जवळजवळ संपूर्णपणे व्यायामाला दिले. कुस्ती, पोहणे आणि भरपूर खाणे यांत अभ्यास मागे पडला, वर्ष वाया गेले, पण शरीर कमावले. पुढच्या आयुष्यातील कष्ट त्या कमाईवर निभावले, असे त्यांचे चरित्रकार सांगत आले आहेत.

मात्र 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि 1881 मध्ये दोन्ही वृत्तपत्रे सुरू झाल्यावर त्यांचा दिवस शिकवणे, लिहिणे, कायद्याचे काम आणि सभा यांत जाऊ लागला. 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात 18 महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्या तुरुंगवासाने तब्येत बरीच खालावली आणि सप्टेंबर 1898 मध्ये मुदतीआधी सुटका झाली. चाळिशीनंतर बैठे काम, सततचा ताण आणि अवेळी जेवण हे चित्र आजच्या कोणत्याही नोकरदाराला किंवा व्यापाऱ्याला ओळखीचे वाटेल. टिळकांचा मधुमेह उतारवयाकडे झुकताना आलेला आणि पथ्यावर अनेक वर्षे आटोक्यात राहिलेला होता. त्यावरून तो आजच्या भाषेत ‘टाइप 2’ प्रकारचा असावा असे दिसते.

साखर लघवीत येते कशी?

आपल्या कमरेच्या वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, बंद मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकाचे वजन साधारण दीडशे ग्रॅम. पण हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा या दोघांकडे जातो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुंता असतो, ती गाळणी. तिच्यापुढे लांब वळणदार नळी असते.

दिवसभरात या गाळण्यांतून सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो. एवढी लघवी झाली असती तर माणूस तासाभरातच कोरडा पडला असता. म्हणून पुढची नळी त्यातले जवळजवळ सगळे पाणी, मीठ आणि उपयोगी पदार्थ रक्तात परत घेते. उरते ती दीड लिटरच्या आसपास लघवी. ती पंचवीस-तीस सेंटिमीटर लांबीच्या दोन मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात उतरते. मूत्राशय चारशे-पाचशे मिलिलिटरपर्यंत भरले की आपल्याला जोराची लघवी लागते आणि ती मूत्रमार्गाने बाहेर पडते.

आता साखरेचे पाहू. निरोगी माणसाच्या गाळण्यांतून दिवसाला सुमारे 180 ग्रॅम ग्लुकोज खाली उतरते आणि नळीच्या पहिल्या वळणातच ते सगळे परत उचलले जाते. हे उचलणारे हमाल मोजके असतात. रक्तातील साखर 100 मिलिलिटरला सुमारे 180 मिलिग्रॅमच्या वर गेली की त्यांना ओझे झेपत नाही. उरलेली साखर लघवीत वाहून जाते आणि जाताना पाणीही ओढून नेते. म्हणून मधुमेह वाढलेल्या माणसाला वारंवार लघवी होते, घसा कोरडा पडतो, कितीही पाणी प्यायले तरी तहान भागत नाही आणि वजन उतरते.

आपल्या प्राचीन वैद्यांनी गोड लघवी आणि तिच्याकडे धावणाऱ्या मुंग्या पाहून आजाराला नाव दिले, ते याच वाहून गेलेल्या साखरेमुळे. टिळकांच्या काळी डॉक्टर निळ्या द्रावणात लघवी उकळून पाहत. द्रावण विटकरी झाले की साखर आहे असे ठरे. बोटाच्या एका थेंबातून रक्तातील साखर मोजण्याची सोय तेव्हा नव्हती. रोग खरा स्वादुपिंडाचा आणि इन्सुलिनचा, पण साक्ष द्यायची ती मूत्रपिंडांनी, अशी ही व्यवस्था होती.

मंडालेतले पथ्य

सप्टेंबर 1908 मध्ये टिळकांना साबरमतीहून ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात नेले. शिक्षेतील मजुरीचा भाग काढून ती साधी कैद करण्यात आली. स्वयंपाकासाठी एक मराठी कैदी देण्यात आला. मंडालेचा उन्हाळा भयंकर असतो. एप्रिलमध्ये पारा 40 अंशांच्या आसपास जातो. लघवीवाटे आधीच जास्त पाणी गमावणाऱ्या मधुमेह्याला अशा उकाड्यात शोष पडण्याचा धोका अधिक असतो.

इन्सुलिन सापडलेले नव्हते, गोळ्या नव्हत्या. जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरकडेही आहार हेच एक औषध होते. त्याच सुमारास फॉन नूर्डेन हे जर्मन वैद्य मधुमेह्यांना ओटवर ठेवण्याचा उपचार करत होते, तर अमेरिकेतील काही डॉक्टर रुग्णांना जवळपास उपाशी ठेवू लागले होते. टिळकांनी भात आणि गहू सोडून सातूचा, म्हणजे जवाच्या पिठाचा, आधार घेतला. जोडीला दूध, दही, तूप. वर्षानुवर्षे एकच चव, एकच ताट. या पथ्यावर त्यांचा मधुमेह बराच आटोक्यात राहिला.

यामागचे कारण आज सांगता येते. जवात बीटा-ग्लुकन नावाचा चिकट तंतू असतो. तो आतड्यात अन्नाचा प्रवास मंद करतो, त्यामुळे साखर रक्तात एकदम न चढता हळूहळू उतरते. 180 चा उंबरठा ओलांडला जात नाही, म्हणून लघवीही कमी आणि तहानही कमी. मात्र एक खुलासा हवा. आपल्याकडे सातूचे पीठ म्हणून जे मिळते त्यात पुष्कळदा गहू आणि डाळ भाजून मिसळलेली असते आणि आपण ते गूळ घालून खातो. त्याचा आणि या पथ्याचा संबंध नाही. शिवाय जवातही पिष्ट असतेच, तेव्हा प्रमाण सांभाळावेच लागते.

या ताटावर बसून 1910 च्या नोव्हेंबरपासून 1911 च्या मार्चअखेरपर्यंत, म्हणजे पाच महिन्यांत, टिळकांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. 7 जून 1912 रोजी पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, ती बातमीही त्यांनी त्याच कोठडीत ऐकली. जून 1914 मध्ये मध्यरात्री त्यांना पुण्यात घरी आणून सोडले तेव्हा त्यांचे वय 58 ला टेकले होते.

गाळणीचे नुकसान गुपचूप होते

लघवीतील साखर गेली की मधुमेह्याला हायसे वाटते, तेव्हाही वाटे, आजही वाटते. इथेच फसगत होते. साखर 180 च्या खाली पण नेहमीपेक्षा जास्त असेल तर लघवीत काहीच दिसत नाही. वयाबरोबर काहींचा उंबरठा आणखी वर सरकतो, मग रक्तात साखर भरपूर असूनही लघवी स्वच्छ दिसते.

या काळात रक्तातील जादा साखर गाळणीच्या नाजूक पडद्यावर काम करत असते. सुरुवातीला गाळणीतला दाब वाढतो, नंतर पडदा जाड होतो, त्याची जाळी सैल पडते आणि जे कधीच गळायला नको ते अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत उतरू लागते. दुखत नाही, जळजळ नाही, लघवीही नेहमीएवढीच होते. दोन मूत्रपिंडांत मिळून वीस लाख नेफ्रॉन असल्यामुळे निम्मे निकामी झाले तरी माणूस हिंडता-फिरता राहतो. पायावर सूज, भूक मंदावणे, दम लागणे ही लक्षणे दिसतात तेव्हा बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते. मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसवर येणाऱ्यांमध्ये मधुमेह हे आज सर्वांत मोठे कारण आहे.

सतरा महिन्यांचा उशीर

सुटकेनंतरची सहा वर्षे टिळक थांबले नाहीत. एप्रिल 1916 मध्ये बेळगावात होमरूल लीग, त्याच वर्षी लखनौचा करार, 1918-19 मध्ये चिरोल खटल्यासाठी विलायतेची वारी. जुलै 1920 मध्ये ते मुंबईत सरदारगृहात उतरले असताना तापाने आजारी पडले, पुढे न्यूमोनिया झाला. 1 ऑगस्ट 1920 च्या पहाटेपूर्वीच त्यांचे निधन झाले. वय 64. मधुमेह्याची जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकद कमी पडते, आणि त्या काळी न्यूमोनियावर प्रतिजैविकेही नव्हती.

त्यानंतर सतरा महिन्यांनी, 11 जानेवारी 1922 रोजी, कॅनडातील टोरांटोच्या रुग्णालयात 14 वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. आहाराच्या एकाच काठीवर चालणाऱ्या मधुमेह्यांच्या हाती दुसरी काठी आली.

गंमत अशी की मूत्रपिंडातल्या त्या साखर उचलणाऱ्या हमालांकडे वैद्यकशास्त्र पुन्हा वळले. सफरचंदाच्या झाडाच्या सालीत 1835 मध्ये सापडलेला फ्लोरिझिन हा पदार्थ या हमालांना अडवतो; तो दिला की लघवीत साखर उतरते, हे 19 व्या शतकातच दिसले होते. त्या धाग्यावरून पुढे डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या तयार झाल्या. त्या जादा साखर मुद्दाम लघवीत सोडतात, गाळणीवरचा दाब कमी करतात आणि मूत्रपिंडांचे रक्षण करतात. टिळकांच्या काळी जे आजाराचे लक्षण होते, तेच आज उपचाराचा मार्ग झाले आहे. या गोळ्या प्रत्येकाला चालत नाहीत, मूत्रमार्गाच्या आसपास बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून त्या डॉक्टरांनी दिल्या तरच घ्याव्यात.

टिळकांना जे मिळू शकत नव्हते ते आज जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही मिळते. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून किमान एकदा तीन गोष्टी कराव्यात. लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी, रक्तातील क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला मूत्रपिंडांच्या गाळण्याचा वेग, आणि रक्तदाबाची नोंद. साखरेइतकाच रक्तदाबही गाळणी बिघडवतो. गुडघेदुखी-कंबरदुखीसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेत राहू नये, त्याही मूत्रपिंडांना भोवतात. अल्ब्युमिन नुकतेच दिसू लागले असेल तर गाळणी वाचवायला अजून वेळ असतो. म्हणून पुढच्या वेळी साखर तपासायला जाल तेव्हा लघवीतील अल्ब्युमिनही तपासायचे आहे, असे डॉक्टरांना आठवणीने सांगा.