भिंतीवरच्या देवांचा चितारी : एस. एम. पंडित

जुन्या मराठी घरांच्या माजघरात किंवा देवघराच्या वरच्या भिंतीवर एखादे राधाकृष्णाचे, नल-दमयंतीचे अथवा शकुंतलेचे चित्र काचेच्या चौकटीत बसविलेले असे. चित्राची खालची कड कात्रीने कापलेली असे. कारण तेथे पूर्वी तारखांचा तक्ता आणि एखाद्या पेढीचे नाव छापलेले होते. वर्ष सरले, तारखा गेल्या, पण चित्र टाकवेना म्हणून ते चौकटीत गेले. त्या चित्रावर घरातील तीन-तीन पिढ्यांची दृष्टी पोसली गेली. ते कोणी काढले, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणाच्या मनात आला. असे भाग्य आणि अशी उपेक्षा एकाच वेळी ज्यांच्या वाट्याला आली, त्या चित्रकारांमध्ये एस. एम. पंडित यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

सांबानंद मोनप्पा पंडित यांचा जन्म २५ मार्च १९१६ रोजी गुलबर्ग्यास झाला. आज ज्या शहरास कलबुर्गी म्हणतात, ते त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. या मुलखात पाहण्यासारखे पुष्कळ होते. बहमनी सुलतानांचा किल्ला आणि १३६७ साली बांधलेली तेथील जामा मशीद, खाजा बंदेनवाजांचा दर्गा, शरणबसवेश्वरांचे देऊळ ही तर गावातच. आणि पलीकडे बिदरला गेले की अष्टूरच्या कबरींतील रंगविलेल्या भिंती, रंगीन महालातील शिंपल्यांचे जडावकाम आणि काळ्या धातूवर चांदीची नक्षी उमटविणारे बिदरी कारागीर. कानडी, मराठी, उर्दू आणि तेलुगू या चारही भाषा बाजारात ऐकू येत, आणि कारागिराच्या हाताला यांपैकी कोणतीच भाषा परकी नव्हती.

पंडितांचे घराणे विश्वकर्मा समाजाचे. लोखंड, लाकूड, तांबे-कासे, दगड आणि सोने या पाच द्रव्यांवर ज्यांचा पिढीजात हात चालतो, तो हा समाज. देवाची मूर्ती प्रमाणात कशी बसवावी, तिच्या हातात कोणते आयुध द्यावे, हे ज्ञान अशा घरांतून पोथीपेक्षा हाताने पुढे जाते. या मुलाच्या हातास चित्रकलेचे पहिले वळण लावले ते गुलबर्ग्याच्या शंकरराव आळंदकरांनी. आळंदकरांचे आडनावच आळंद गावाची आठवण करून देणारे, आणि शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले. आडगावचा एखादा चित्रकला शिक्षक काय करू शकतो, याचे हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ज्या वयात मुलाला आपल्या गावाबाहेर चित्रकलेचे शास्त्र आहे याची कल्पनाही नसते, त्या वयात या शिक्षकाने त्याच्यासमोर ते दार उघडले.

गुलबर्गा रेल्वेच्या हमरस्त्यावर होते. मुंबईहून सोलापूर-गुलबर्ग्यावरून जाणारा लोहमार्ग १८७१ साली रायचूरला मद्रासच्या मार्गास जोडला गेला होता. एका दिशेस बसले तर मद्रास आणि दुसऱ्या दिशेस बसले तर मुंबई. आणि दोन्ही टोकांना सरकारी कलाशाळा! पंडितांनी दोन्ही वाटा चोखाळल्या. प्रथम त्यांनी मद्रासच्या कलाशाळेची पदविका मिळविली. देवीप्रसाद रायचौधुरी हे मूर्तिकार-चित्रकार १९२९ पासून त्या शाळेचे प्रमुख होते. पुढे ते मुंबईस आले आणि दंडावतीमठ यांच्या नूतन कलामंदिरात अभ्यास करू लागले. दंडावतीमठ हेही कर्नाटकातलेच. मुंबईतील त्यांची ती संस्था दूरच्या गावांतून आलेल्या विद्यार्थ्यांना मोठा आधार होती. तेथून पंडित जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. त्या वेळी कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन हे शाळेचे संचालक होते. जिवंत माणूस समोर बसवून मानवी देहाचा अभ्यास करण्याची पद्धत त्यांनी शाळेत दृढ केली आणि भित्तिचित्रांचा वर्गही काढला. देहाचा कणखर अभ्यास आणि मोठ्या फलकावर आकृत्यांची मांडणी, ही दोन्ही साधने पंडितांना पुढे जन्मभर पुरली.

शिक्षण संपले आणि पोटाचा प्रश्न उभा राहिला. राजेरजवाड्यांच्या आश्रयाचे दिवस सरत आले होते. राजा रविवर्म्याला बडोद्याच्या गायकवाडांनी जसे बोलावून घेतले, तसे गुलबर्ग्याच्या या तरुणाला कोण बोलावणार? परंतु मुंबईत एक नवा आश्रयदाता तयार होत होता, आणि तो म्हणजे चित्रपट. १९३८ साली धोबी तलावाजवळ मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकन कंपनीचे मेट्रो चित्रपटगृह उघडले. तेथील दालनात लावायच्या शोकार्डांचे काम रतन बात्रा यांच्या स्टुडिओकडे होते, आणि त्या कामावर पंडित रुजू झाले. शोकार्ड म्हणजे चित्रपटगृहाच्या आत मांडावयाचे रंगीत जाहिरात-चित्र. तिकीट काढून आत जाणारा माणूस क्षणभर थबकला पाहिजे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आला पाहिजे, एवढे त्याचे काम. चित्रपट उतरला की शोकार्डही उतरे, आणि त्याची रद्दी होई.

या क्षणभंगुर कामातच पंडितांना आपला मार्ग सापडला. अमेरिकेहून चित्रपटांबरोबर नटनट्यांची छायाचित्रे येत. ती स्टुडिओतील दिव्यांच्या झोतात घेतलेली असत. चेहऱ्यावर एका बाजूने ऊबदार प्रकाश, दुसरी बाजू निळसर छायेत आणि केसांच्या कडेवर मागून पडलेली तेजाची रेघ, ही प्रकाशाची भाषा आपल्याकडील देवादिकांच्या चित्रांत तोवर रुळलेली नव्हती. पंडितांनी ती नुसती उचलली नाही, तर तिचे मर्म जाणून घेतले. रंगही त्यांनी कामास साजेसे निवडले. तैलरंग वाळायला दिवस लागतात आणि छापखान्याची तारीख थांबत नाही. म्हणून पांढरा मिसळून दाट केलेला, पाण्यात कालवावयाचा पोस्टर रंग त्यांनी हाताळला. तो तत्काळ वाळतो, त्याला तेलाची चकाकी नसते, आणि छापण्यासाठी छायाचित्र घेताना तो स्वच्छ उमटतो. तसा हा अवघड रंग. या रंगात त्वचेची मृदुता आणि रेशमाची झळाळी आणणे हे पंडितांचे वैशिष्ट्य ठरले.

लवकरच त्यांची कीर्ती हिंदी चित्रपटांच्या जाहिरातींत आणि ‘फिल्मइंडिया’ मासिकात पसरली. बाबूराव पटेल यांनी १९३५ साली मुंबईत सुरू केलेले हे इंग्रजी मासिक त्या काळी चित्रसृष्टीत भीतीने आणि आवडीने वाचले जाई. त्याच्या मुखपृष्ठांवर आणि जाहिरातींच्या पानांवर पंडितांची चित्रे झळकली. ज्या गावात वर्षातून दोन-चारच चित्रपट येत, तेथेही ते मासिक पोचे, आणि चित्रपट न पाहताच त्याचे रूप लोकांच्या डोळ्यांत भरे. पंडितांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. गोव्याहून आलेले रघुवीर मुळगावकर यांनीही आरंभी काही काळ त्यांच्या स्टुडिओत काम केले. पुढे मुळगावकरांच्या चित्रांनी मराठी दिवाळी अंकांची मुखपृष्ठे गाजविली, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. म्हणजे ज्या अंकांनी आपल्या घरची दिवाळी साजरी झाली, त्यांच्या रंगांमागे गुलबर्ग्याच्या या चित्रकाराच्या स्टुडिओतील संस्कार होता.

मग आली कॅलेंडरे. दिवाळीच्या सुमारास कारखानदार आपल्या व्यापाऱ्यांना आणि व्यापारी आपल्या गिऱ्हाइकांना कॅलेंडर भेट देत. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढून देवांना राजवाड्यातून सामान्यांच्या घरी आणले होते; पंडितांच्या पिढीने त्यांना वाण्याच्या दुकानात आणि न्हाव्याच्या केशकर्तनालयातही नेऊन बसविले. विश्वामित्र आणि मेनका, नल आणि दमयंती, राधा आणि कृष्ण हे पंडितांचे आवडते विषय. रविवर्म्याच्या चित्रांत पात्रे नाटकातल्यासारखी रंगमंचावर उभी असतात. पंडितांच्या चित्रांत ती चित्रपटातल्याप्रमाणे आपल्या अगदी जवळ येतात, आणि प्रकाश त्यांच्या अंगावरून खेळतो. त्यांचे देव बलदंड आहेत आणि नायिका मांसल आहेत, हा आक्षेप घेतला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. पण या आकृत्यांना वजन आहे, हाडे आहेत, त्या जमिनीवर उभ्या राहतात. कारागिराच्या घरचे प्रमाणशास्त्र आणि कलाशाळेतील देहाभ्यास येथे एक झाले आहेत.

खरा प्रश्न मात्र निराळाच आहे. १९४७ साली त्याच मुंबईत प्रोग्रेसिव्ह चित्रकारांचा गट स्थापन झाला आणि हुबेहूब चित्रणाकडे तरुण चित्रकारांनी पाठ फिरविली. त्या गटातील हुसेन यांनीही तरुणपणी सिनेमाची मोठमोठी फलके रंगवून पोट भरले होते. पण ते फलकांपासून दालनांकडे गेले, आणि पंडित दालनांपासून घरांकडे. एकाची चित्रे संग्रहालयात आदराने टांगली गेली, दुसऱ्याची खिळ्यावर टांगली गेली आणि वर्षअखेर उतरविली गेली. टीकाकारांनी पंडितांना कॅलेंडरवाला म्हणून बाजूस सारले. बाजाराने त्यांना पुढच्या हंगामाचा माल पुरविणारा कसबी मानले. या दोन्ही मतांत एक गोष्ट सुटली. ज्या माणसाने आयुष्यात कधी चित्रप्रदर्शन पाहिले नाही, त्याला देखील सुंदर चित्र पाहण्याचा हक्क आहे. आणि तो हक्क कोणी तरी उत्तम हाताने, कुचराई न करता पुरविला पाहिजे. पंडितांनी स्वस्त कागदासाठी स्वस्त चित्र काढले नाही. त्यांची योग्यता मोजावयाची तर ती येथे मोजली पाहिजे.

सिनेमाचे काम हळूहळू मागे पडले आणि पुराणकथांची मोठी चित्रे व व्यक्तिचित्रे यांत ते रमले. एकनाथ रानडे यांच्या परिश्रमाने कन्याकुमारीस जे विवेकानंद शिलास्मारक उभे राहिले, त्यासाठी विवेकानंदांचे चित्र रंगविण्याचे काम पंडितांकडे आले. तेथील विवेकानंदांचा पुतळा नारायणराव सोनवडेकरांनी घडविला. २ सप्टेंबर १९७० रोजी त्या स्मारकाचे उद्घाटन झाले. १९७८ साली पंडितांच्या चित्रांचे लंडनमध्ये प्रदर्शन भरले. ज्या प्रदर्शन-दालनांच्या वाटेला ते मुंबईत फारसे गेले नाहीत, ती वाट साठी उलटल्यावर सातासमुद्रापलीकडे त्यांच्यापुढे आली.

तथापि उत्तर आयुष्यात त्यांचे मन ओढले ते गुलबर्ग्याकडेच. मुंबईत नाव, पैसा आणि काम असताना माणूस आपल्या गावी परततो, ही गोष्ट कलावंतांच्या चरित्रांत फार आढळत नाही. ते देवीचे निस्सीम उपासक होते, आणि चित्र व उपासना यांत त्यांना अंतर वाटत नसे. ज्या गावाने त्यांना मूर्तीचे प्रमाण आणि पहिला गुरू दिला, तेथे ते वडीलधाऱ्या चित्रकाराच्या मानाने राहिले. ३० मार्च १९९३ रोजी, ७७ वर्षे पुरी झाल्यावर पाचच दिवसांनी, त्यांचे निधन झाले. कलबुर्गीतील रंगमंदिरास त्यांचे नाव दिलेले आहे. तेथे नाटके होतात, संगीताच्या मैफली होतात, सत्कार होतात; आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या ओठी पंडितांचे नाव निदान पत्ता म्हणून तरी राहते.

आता चित्रे पाहण्याचे साधन बदलले आहे. ‘फिल्मइंडिया’चे जुने अंक इंटरनेटवर पाहावयास मिळतात. जी शोकार्डे रद्दीत गेली ती परत येणार नाहीत, पण जी मुखपृष्ठे आणि कॅलेंडरे उरली, ती एखादा विद्यार्थी आपल्या भ्रमणध्वनीच्या काचेवर उघडून पाहू शकतो. आळंदकर मास्तरांनी एका मुलासाठी जे दार उघडले, ते आज कोणासही उघडे आहे. मात्र तेथेही जुनीच खोड चालू आहे. चित्र हातोहात पुढे पाठविले जाते आणि चित्रकाराचे नाव वाटेत गळून पडते.

यावर उपाय सोपा आहे, आणि तो प्रत्येकाच्या घरात आहे. माळ्यावरच्या किंवा देवघरातल्या जुन्या चौकटी खाली उतरवाव्यात, काच पुसावी आणि चित्राचा खालचा कोपरा नीट पाहावा. तारखांबरोबर कात्रीतून सुटली असेल, तर तेथे चित्रकाराची सही असते. ती वाचावी, आणि घरातल्या मुलांना वाचून दाखवावी.