फुलांच्या वाटेने प्रभूकडे

आपल्या वऱ्हाडातले कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. वर्धा नदीच्या काठच्या या गावाहून दर आषाढीला रुक्मिणीची पालखी पायी पंढरपूरला जाते. आपल्यापैकी अनेकांचे शेजारीपाजारी या वारीत असतात. वारकऱ्यांच्या याच भक्तीतून, तुकारामांच्या अभंगांचा हात धरून, एक मराठी कवी प्रभू येशूच्या चरणी आला. ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. ते आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते, अमेरिकन मराठी मिशनचे होते. पण मराठीत प्रार्थना करणाऱ्या कोणत्याही ख्रिस्ती माणसाला ते परके नाहीत.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, चित्पावन ब्राह्मण घराण्यात झाला. कोकणातले डोंगर, झरे, रानफुले यांचे वेड त्यांना लहानपणापासूनच होते. पुढे महाराष्ट्र त्यांना फुलामुलांचा कवी म्हणूनच ओळखू लागला. 'वनवासी फूल' हे त्यांचे काव्य प्रसिद्धच आहे. निसर्गकवी म्हणून गाजलेले बालकवी ठोंबरे काही काळ टिळकांच्याच घरी राहिले होते.

मात्र फुले पाहिली आणि टिळक ख्रिस्ती झाले, इतके ते सोपे नव्हते. फुलामागचा हात कोणाचा, हे फूल सांगत नाही. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकलेल्या या विद्वानाचे मन वर्षानुवर्षे बेचैन होते. जातिभेद त्यांना पटत नव्हता. एखादा नवा धर्म आपणच काढावा, असेही त्यांच्या मनात येई.

१८९३ च्या सुमारास ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यातील एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्याशी प्रेमाने गप्पा मारल्या आणि नवा करार हातात ठेवला.  वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथेच खिळून राहिले. पाखरांना चारणारा आणि रानातल्या फुलांना सजवणारा स्वर्गीय पिता त्याच प्रवचनात भेटतो. फुलांवर जीव टाकणाऱ्या कवीला तो पिता ओळखीचा वाटला असेल, असे मला वाटते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याची किंमत मोठी होती. जातीने त्यांना टाकले. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन दूर झाल्या आणि पंढरपूरला नातेवाइकांकडे राहिल्या. काही वर्षे हा संसार मोडलेलाच होता. टिळकांनी पत्नीवर धर्माची सक्ती केली नाही. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या. त्यांच्या मनातून आधी विटाळ गेला, कोणाच्याही हातचे पाणी त्या पिऊ लागल्या आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळक अहमदनगरला राहून 'ज्ञानोदया'त लिहीत. येशूची भक्ती त्यांनी अभंगात गायिली, कीर्तनातून सांगितली. परदेशी चालींवर विसंबलेल्या मराठी मंडळीला तिची स्वतःची गाणी मिळाली, हे त्यांचे फार मोठे ऋण आहे.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. प्रभूचे चरित्र सांगणारे 'ख्रिस्तायन' तेव्हा अपुरेच होते. एकेकाळी त्यांच्या बाप्तिस्म्याच्या बातमीने कोसळून गेलेल्या लक्ष्मीबाईंनीच पुढचे अध्याय लिहून ते पूर्ण केले.