परवानगी आणि अधिकार

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. ध्वजवंदन होते, हुतात्मा स्तंभांवर पुष्पचक्रे वाहिली जातात, स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रतिमेला हार घातला जातो आणि दुपारपर्यंत सारे आपापल्या उद्योगाला लागतात. स्वातंत्र्य ही १९४८ साली आपल्या खात्यावर कायमची जमा झालेली ठेव आहे, अशी एक समजूत या सोहळ्यामागे असते. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला एवढेच सांगता येईल की, ज्या ठेवीकडे मालक वर्षानुवर्षे फिरकत नाही, तिचे मोल नकळत घटत जाते. स्वामीजींचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे.

त्यांचे मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. असहकाराच्या लाटेत त्यांनी सरकारी शाळा सोडली. पुढे कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासमवेत काम केले. १९३० साली त्यांनी संन्यास घेतला, परंतु संसाराचा त्याग करणाऱ्या या संन्याशाने समाजाचा त्याग केला नाही. प्रथम हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात ते मुलांना शिकवीत राहिले.

ज्या राज्यात ते शिकवीत होते, तेथील व्यवस्था आजच्या तरुणांना समजावून सांगणे अवघड जाते. सुमारे दीड कोटीहून अधिक लोकसंख्येच्या हैदराबाद संस्थानात प्रजेने कर भरावा, परंतु कारभाराविषयी बोलू नये, असा रिवाज होता. जहागिरी आणि निजामाची खासगी मालमत्ता असलेला सर्फेखास यांत मोठा मुलूख अडकलेला होता. या साऱ्यावर कळस चढविला तो १९२९ साली निघालेल्या ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकाने. जाहीर सभा घ्यायची तर आधी परवानगी काढावी लागे. वरवर पाहता हा केवळ सुव्यवस्थेचा नियम होता. त्यात भाषण करण्यास सरसकट बंदी नव्हती, फक्त एक अर्ज करायचा होता. परंतु त्या अर्जातच सारे आले. जो अधिकार मागून घ्यावा लागतो तो अधिकार राहत नाही, ती मेहेरबानी होते. आणि मेहेरबानी करणारा ती केव्हाही परत घेऊ शकतो.

या गश्तीच्या छायेतच महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. आज आपल्या जालना जिल्ह्यात असलेल्या या गावाला मराठवाड्याच्या राजकीय जागृतीत असे पहिले स्थान आहे, याची आठवण आपल्यालाही क्वचितच असते. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करण्याचे ठरले, तेव्हा तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. स्वामीजींनी शाळा सोडली आणि ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह करून तुरुंग पत्करला.

नंतरच्या वाटाघाटींत संघटनेच्या नावावरच सरकारचा आक्षेप होता. नाव बदलून काम सुरू करावे, असे व्यवहारी सल्ले देणारे तेव्हाही होतेच. स्वामीजींचे मोठेपण असे की, आपल्या संघटनेचे नाव कोणी ठरवायचे, हा प्रश्न क्षुल्लक नाही, हे त्यांनी ओळखले. बंदी उठण्यास १९४६ साल उजाडले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी हैदराबादेत राष्ट्रध्वज फडकाविल्याबद्दल ते पुन्हा गजाआड गेले आणि मधला थोडा काळ वगळता पोलीस कारवाई संपेपर्यंत तेथेच राहिले. बाहेर रझाकारांचा धुमाकूळ चालू होता. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी त्याविरुद्ध लेखणी उचलली, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा निर्घृण खून झाला. हा लढा दोन धर्मांमधला नव्हता, हे सांगण्यास त्यांचे बलिदान पुरेसे आहे.

येथे एक कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्याच्या आणि शेजारच्या काही भागांत निरपराध मुसलमानांवर सूडाचे हल्ले झाले. पंडित सुंदरलाल समितीने किमान २७ ते ४० हजार माणसे मेल्याचा अंदाज दिला. तो अहवाल अभ्यासकांना खुला होण्यास २०१३ साल उजाडले. अन्यायी सत्ता गेली की दक्षतेचे काम संपते, असे मानणाऱ्यांनी या अहवालाकडे पाहावे. आपल्या बाजूच्या विजयातही पहारेकऱ्याला झोपण्याची मुभा नसते.

स्वामीजी पुढे दोनदा लोकसभेवर निवडून गेले, १९५२ साली गुलबर्ग्यातून आणि १९५७ साली औरंगाबादमधून. मंत्रिपद मात्र त्यांनी कधी भूषविले नाही. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर पुरती साडेतीन वर्षेही उलटली नव्हती, तोच २५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली. स्वामीजींच्या मुशीत घडलेले ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव निजामाच्या नव्हे, स्वतंत्र भारताच्या तुरुंगात गेले. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी स्थानबद्धाला दाद मागण्याचा अधिकार नाकारला, न्या. हंसराज खन्ना तेवढे वेगळे उभे राहिले. संविधान तेच होते, कलमे तीच होती. कमी पडली ती राखण. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काला आणीबाणीतही संरक्षण दिले. परंतु ती दुरुस्ती लोकांनी १९७७ साली मतपेटीतून दिलेल्या जाबामुळेच शक्य झाली.

आज आपल्यावर निजाम नाही. न्यायालये उघडी आहेत, निवडणुका होतात, आणि जमावबंदीच्या आदेशाला मुदत असते. म्हणून प्रत्येक आदेशाला गश्ती म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील मनाई आदेश वृत्तपत्राच्या कोपऱ्यात छापून येतो, त्याची मुदत संपते, पुन्हा नवा आदेश निघतो. आणि आपण तो न वाचताच पान उलटतो. तो आदेश का निघाला, किती दिवसांसाठी निघाला, पुन्हा का काढावा लागला, एवढे तीन प्रश्न विचारण्यासाठी तुरुंगात जाण्याचे धैर्य लागत नाही. त्यासाठी केवळ नागरिक असल्याची जाणीव लागते. परतूरला जमलेल्या माणसांजवळ ते प्रश्न विचारण्याचा हक्क नव्हता, तरी ते जमले. आपल्याजवळ हक्क आहे. येत्या १७ सप्टेंबरला स्वामीजींच्या प्रतिमेला हार घालताना, आपण तो शेवटचा केव्हा वापरला, एवढा हिशेब प्रत्येकाने मनाशी मांडावा.