लहान-मोठ्याच्या चिन्हांतून ६१७४ पर्यंत : गणितशिक्षक कापरेकर

नाशिकजवळच्या देवळाली येथील शाळेत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे शिकविणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे नाव आज जगभरातील गणिताच्या पुस्तकांत आढळते. ज्या शोधामुळे ते मिळाले, त्याचा आरंभ प्राथमिक शाळेतील एका साध्या पाठात आहे. दोन अंकांपैकी मोठा कोणता आणि लहान कोणता, हे ओळखून ते क्रमाने लावणे, एवढाच तो पाठ.

या पाठात मुलांची गाठ > आणि < या दोन चिन्हांशी पडते. ७ > ४ म्हणजे ७ ही संख्या ४ पेक्षा मोठी आणि ४ < ७ म्हणजे ४ ही ७ पेक्षा लहान. विधान एकच, वाचण्याची दिशा तेवढी बदललेली. चिन्हाचे उघडे तोंड मोठ्या संख्येकडे, ही खूण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि तरीही मुलांचा गोंधळ होतोच. ही चिन्हे फार प्राचीनही नाहीत. बरोबरीचे चिन्ह इंग्लंडमध्ये १५५७ साली छापले गेले. लहान-मोठ्याची चिन्हे थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथातून त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १६३१ मध्ये लोकांसमोर आली. मोठी किंवा समान, लहान किंवा समान असे सांगणारी जोडचिन्हे त्यानंतर शतकभराने, १७३४ साली फ्रान्सच्या प्येर बुगे यांनी वापरली.

कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना आई निवर्तली. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता आणि त्यातील आकडेमोडीची गोडी मुलालाही लागली. ठाण्यातील शालेय शिक्षणानंतर त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांना १९२७ मध्ये मिळाले, तर १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. पुढच्याच वर्षी ते देवळालीला शिक्षक म्हणून रुजू झाले.

वर्गाबाहेरचा वेळ संख्यांच्या सहवासात जात असे. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली तर काय मिळते, असा एक प्रश्न त्यांनी हाताळला. १५ मध्ये १ आणि ५ यांची बेरीज मिळवली की २१ येतात. २० मात्र अशा रीतीने कोणत्याही संख्येपासून मिळत नाही. अशा संख्यांना त्यांनी आपल्या गावाचे नाव दिले. त्या देवळाली संख्या किंवा स्वयंभू संख्या म्हणून ओळखल्या जातात.

सर्वांत प्रसिद्ध ठरला तो ६१७४ हा स्थिरांक. १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी तो जाहीर केला. कृती अशी : चारही अंक सारखे नाहीत अशी एखादी चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून मोठ्यात मोठी आणि चढत्या क्रमाने लिहून लहानात लहान संख्या करावी. मोठीतून लहान वजा करावी आणि उत्तरावर पुन्हा तीच कृती करावी.

कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊन पाहावे. १९०५ चे अंक लावल्यावर ९५१० वजा ०१५९, म्हणजे ९३५१. यापुढे क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. तेथून पुढे जाता येत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४ च येतात. कोणत्याही संख्येला सातपेक्षा अधिक पायऱ्या लागत नाहीत. जन्मवर्षाला नेमक्या सातही लागाव्यात, हा योगायोगच. एक पथ्य मात्र पाळावे लागते. शून्य हाही अंक आहे आणि तो सर्वांत लहान आहे. २१११ मधून १११२ वजा केल्यावर उत्तर ०९९९ असे लिहिले नाही, तर पुढच्या पायरीला हाती शून्य उरते.

असे का घडते, याचे उत्तर लहान-मोठ्याच्या चिन्हांतच दडलेले आहे. उतरत्या क्रमाने लावलेले अंक अ, ब, क, ड मानले, तर अ ≥ ब ≥ क ≥ ड असे लिहिता येते. वजाबाकी करून पाहिल्यास उत्तर ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) एवढेच राहते. म्हणजे चार अंक बाजूला पडून दोन फरकच उरतात. सर्व अंक समान नसल्याने अ > ड. म्हणून पहिला फरक १ ते ९ यांपैकी एक. ब आणि क हे अ व ड यांच्यामध्ये अडकलेले असल्याने दुसरा फरक पहिल्याहून मोठा होऊच शकत नाही. पहिला फरक १ असेल तर दुसऱ्यासाठी ० आणि १ असे दोन पर्याय, २ असेल तर तीन, आणि अशा रीतीने ९ साठी दहा. सगळे मिळून ५४. नियमात बसणाऱ्या ८९९१ संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांवर येऊन थांबतात. उरलेले काम कागद-पेन्सिल घेऊन एका संध्याकाळी तपासता येण्याजोगे आहे.

तीन अंकी संख्यांसाठी असाच स्थिरांक ४९५ आहे. पाच अंकी संख्यांना मात्र एकच एक मुक्काम नाही.

देशातील अनेक गणितज्ञांना हे सारे पोरखेळासारखे वाटले. संशोधक म्हणून पद नाही, उच्च पदवी नाही आणि विषय अंकांच्या खेळाचा. कापरेकरांनी आपले बरेचसे लेखन स्वखर्चाने लहान पुस्तिकांच्या रूपात छापले आणि गणित परिषदांना ते जात राहिले. गणितात उपयुक्तता ही एकच कसोटी मानली, तर ६१७४ त्या कसोटीला फारसा उतरत नाही; पण त्या न्यायाने संख्याशास्त्राचा मोठा भाग वगळावा लागेल.

निवृत्तीनंतरचा काळ ओढगस्तीचा होता. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेसे नसल्याने साधी राहणी असूनही त्यांना गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. अखेर मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातील आपल्या लोकप्रिय सदरात कापरेकरांच्या कामाचा परिचय करून दिला. त्यानंतर इतर देशांतील गणितज्ञ स्वयंभू संख्यांकडे आणि ६१७४ कडे वळले. त्या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.