दगडाला वय विचारणारा माणूस

ग्रॅनाइट म्हटलं की आपल्याला स्वयंपाकघरातला ओटा आठवतो. पण अशा दगडांत पृथ्वीचं बालपण दडलंय, आणि त्यांचं वय काढण्याची वाट दाखवणाऱ्यांपैकी एक म्हणजे आर्थर होम्स. शेरलॉकचा हा कुणी लागत नाही बरं का, पण डिटेक्टिव्ह तेवढाच पक्का!

होम्सचा जन्म १८९० चा, उत्तर इंग्लंडातला. लंडनला फिजिक्स शिकायला गेला आणि जिऑलॉजीत रमला. तेव्हा लॉर्ड केल्व्हिनच्या हिशोबाने पृथ्वीचं वय होतं जेमतेम २ ते ४ कोटी वर्षं. होम्सने वेगळी युक्ती वापरली. युरेनियमचं ठरावीक वेगाने शिसं होतं. म्हणजे खनिजात दोन्ही किती आहेत ते मोजलं की वय निघतं. १९११ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्याने नॉर्वेतल्या एका खडकाचं वय काढलं ३७ कोटी वर्षं! सिलोनचा खडक तर १६४ कोटींचा निघाला.

पण खिसा रिकामा. वर्षाला ६० पौंडांच्या स्कॉलरशिपवर भागेना, म्हणून त्याच वर्षी तो खनिजं शोधायला मोझांबिकला गेला. तिथे मलेरियाने इतका आजारी पडला की घरी त्याच्या मृत्यूची बातमी पोचली. त्यातून वाचला आणि १९१३ मध्ये पृथ्वीच्या वयावर पुस्तक लिहिलं. १९२० मध्ये तो ब्रह्मदेशात एका तेल कंपनीत गेला. कंपनी बुडाली, लहानगा मुलगा हगवणीने दगावला. रिकाम्या हातांनी परतलेल्या होम्सला १९२४ मध्ये डरहॅम विद्यापीठात नोकरी मिळाली. पण दगडांचं घड्याळ त्याने सोडलं नाही. १९४७ मध्ये त्याने पृथ्वीचं वय ३३५ कोटी वर्षं काढलं. १९५६ मध्ये पॅटरसनने उल्कांवरून ते ४५५ कोटींवर नेलं. १९६५ मध्ये होम्स वारला.

आज हेच घड्याळ झिरकॉन नावाच्या बारीक स्फटिकात वाचतात. झिरकॉन तयार होताना युरेनियम आत घेतो, शिशाला मात्र जवळजवळ थारा देत नाही. म्हणजे आत सापडलेलं शिसं बहुतेक नंतर तयार झालेलं. कॅनडातला अकास्टा नाइस हा खडक अशा मोजणीत सुमारे ४०० कोटी वर्षांचा निघाला, तर ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचा एक झिरकॉन ४४० कोटींचा.

आता गंमत बघा. पृथ्वीच्या पोटातून थेट ग्रॅनाइट येत नाही, बेसॉल्ट येतो. पाणी मुरलेला बेसॉल्ट खोल जाऊन अर्धवट वितळला की त्यातून ग्रॅनाइटसारखा हलका रस निघतो आणि वर चढतो. अशीच खंडं घडत गेली. म्हणजे इतका जुना ग्रॅनाइटी खडक सांगतो की कवच तेव्हाच एकदा बनून पुन्हा वितळायला लागलं होतं.

आपला सह्याद्री यापुढे अगदी तरुण, बेसॉल्ट जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. पण कोयनेजवळच्या खोल बोअरमध्ये सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट संपल्यावर ग्रॅनाइट-नाइसच लागला. जुनी पृथ्वी आपल्याही पायाखाली आहे.

एक केटी लागली की आपण इंजिनिअरिंग सोडायच्या गोष्टी करतो. होम्सने ताप, कर्ज नि मुलाचा मृत्यू झेलूनही एकच प्रश्न आयुष्यभर धरून ठेवला. मला तरी त्याच्या आकड्यांपेक्षा ही चिकाटी मोठी वाटते.